नावं ठेवून घेतलेली गाडी

"गाडी घ्यायला पैसा लागतो, हे खरं. पण त्याहून जास्त लागते ती नजर!" डॉक्टर चहाचा कप टेबलावर ठेवत म्हणाले. "आणि ती परमेश्वराने मला दिलेली आहे."

"चष्मा कपाळावर आहे तुमच्या," बायको वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली. "मघापासून शोधताय तो."

डॉक्टर दातांचे. उभी हयात त्यांनी लोकांच्या उघड्या तोंडात डोकावून 'अजिबात दुखणार नाही' हे एकच असत्य बोलण्यात घालवली होती. ते त्यांना इतकं सफाईने जमू लागलं होतं, की आपल्याला कुठलंही असत्य तितक्याच सफाईने बोलता येईल, असा त्यांचा समज झाला होता. पुढे जे रामायण झालं, त्याचं मूळ या समजात होतं.

तर त्या सकाळी डॉक्टरांना मोबाइलवर एक जाहिरात दिसली होती. जुनी स्पोर्ट्स कार. दोन सीटची, वरून उघडी, रंग पिवळा. मालक पहिल्यापासून एकच, आणि गाडी फारच कमी चाललेली. सोबतचा फोटो असा होता, की काढणाऱ्याचा हात तरी हलला असावा किंवा गाडी तरी लाजली असावी. पण डॉक्टरांना त्या धुक्यातूनही पुढचे दोन गोल दिवे दिसले, आणि त्यांच्या पोटात एकदम कॉलेज सुरू झालं.

कॉलेजच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या समोर अगदी अशीच एक पिवळी गाडी उभी असायची. कुणाची होती ते कधी कळलं नाही. शिंप्याची नक्कीच नव्हती, कारण शिंपी सायकलवरून यायचा. डॉक्टर तेव्हा डॉक्टर नव्हते, एका हातात कवटी आणि दुसऱ्या हातात चेन पडलेली सायकल घेऊन हिंडणारा एक काटकुळा मुलगा होते. गणित घेऊन शिकणारी एक मुलगी त्यांच्याबरोबर चालायची. सरळ रस्त्याने घर जवळ पडायचं, म्हणून दोघं गल्लीतून जायचे. गाडीपाशी आलं की पावलं आपोआप मंदावायची. संध्याकाळचं ऊन त्या पिवळ्या बॉनेटवर पडलेलं असायचं, आतल्या कातडी सीटांचा वास यायचा, आणि शिंप्याचं मशीन खडखडत असायचं. तो काटकुळा मुलगा तेव्हा त्या मुलीला म्हणायचा, "एक दिवस बघ!" काय बघ, ते त्याने कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटायची नाही असं ते वय.

त्या मुलीने आता वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"अगं, ऐक तरी! तशीच गाडी आहे. आठवतंय ना, शिंप्याच्या दुकानासमोर आपण दोघं बघत उभे राहायचो?"

"आठवतंय की. तिच्या काचेत मी केस नीट करायचे. तुमच्याबरोबर चालून पार विस्कटायचे."

डॉक्टरांना हा इतिहास नवीन होता. त्यांनी तो गिळला.

"पण गाडी काय होती!"

"काय असायचीय? दोन सीट. सामान ठेवायला जागा नाही. तुम्हाला साध्या खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणावं लागतं. त्या गाडीत बसलात तर काढायला माणसं बोलवावी लागतील."

"कमी चाललेली आहे! जवळजवळ नवीच म्हण ना."

"अक्कलदाढही कमीच चाललेली असते," बायको म्हणाली. "आयुष्यात एकदासुद्धा चावत नाही. तुम्हीच सांगता, काढून टाका म्हणून."

स्वतःच्या धंद्यातला मुद्दा स्वतःवर उलटला की माणूस बाहेरची मदत शोधतो. डॉक्टरांनी मेहुण्याला फोन केला.

मेहुणा हा बायकोचा धाकटा भाऊ. खरेदी-विक्रीच्या बाबतीत खानदानात त्याचा शब्द शेवटचा मानला जाई, कारण त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाला शब्द बोलायला सापडतच नसे. एकदा छत्रीचा भाव करताना त्याने इतका वेळ लावला, की पाऊस थांबला आणि तो छत्री न घेताच घरी आला. याला तो आजही शंभर टक्के सूट म्हणतो.

"दाजी, कमी चाललेली गाडी आणि कमी बोलणारा माणूस, दोघांपासून सावध राहायचं!" तो आल्या आल्या म्हणाला. "उभी गाडी म्हणजे काय? रबर वाळतं. टायर दगड होतात. टाकीतल्या पेट्रोलचा काढा होतो. नाहीतर मग आकडाच खोटा."

"म्हणजे घेऊ नको म्हणतोस?" डॉक्टरांचा चेहरा पडला.

"असं कोण म्हणतंय? घ्यायची! पण हे सगळं आधी त्याला ऐकवायचं. दाजी, एक नियम लक्षात ठेवा. जी वस्तू हवी, तिला नावं ठेवायची. जितकी जास्त हवी, तितकी जास्त ठेवायची. तुम्ही चांगलं म्हणालात की संपलं!"

बायकोने यायचं कबूल केलं, ते केवळ दोघांना परत आणायला कुणीतरी शहाणं माणूस हवं म्हणून. घरची छोटी गाडी तीच चालवायची. शाळेत भूमिती शिकवत असल्याने ती कुठल्याही कोनात, कुठल्याही फटीत गाडी बसवू शकत असे. डॉक्टरांनी मात्र मागे घेताना आजवर दोन फाटकं आणि एक पोस्टाची पेटी आडवी केली होती.

वाटेत मेहुण्याने मागच्या सीटवरून खाती वाटून दिली. "इंजिनाला मी बघतो. बॉडीला दाजी. कुणी हसायचं नाही. 'अरे वा' हा शब्द उच्चारायचा नाही. ताई, तू फक्त नाक मुरड."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला सराव आहे!"

पुढच्या वळणावर गाडीने असा काही झोका घेतला, की मेहुण्याचं डोकं खिडकीवर आपटलं. वळण तसं साधंच होतं.

मालक एका जुन्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर राहत. सगळी आळी त्यांना कप्तान म्हणायची, कारण ते खरोखरच मालवाहू जहाजाचे कप्तान होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते अजून पाय फाकवून उभे राहत. जमिनीवर विश्वास कसा तो बसलाच नव्हता. दाढी पांढरी, पाठ ताठ, आणि डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा.

"गाडी का विकताय?" मेहुण्याने डॉक्टरांची ओळख करून देत दारातच पहिला वार केला.

"डोळे," कप्तान म्हणाले. "रस्ता दिसतो. रस्त्यावरचं काही दिसत नाही."

त्यांनी गॅरेजचं दार लोटलं. आत एका भिंतीला दोर, दुसऱ्या भिंतीला पितळी घंटा, कोपऱ्यात वाळूच्या बादल्या आणि मधोमध पांढऱ्या चादरीखाली काहीतरी झोपलेलं. कप्तानांनी चादर दोन्ही हातांनी, झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी काढली.

डॉक्टरांच्या तोंडून 'अरे' निघालं. 'वा' त्यांनी दातांनी अडवला.

तीच होती! म्हणजे तीच नव्हे, पण तशीच. तोच पिवळा रंग, तेच दोन गोल, जरासे आश्चर्यचकित दिवे, तीच लाकडी चौकटीत बसवलेली गोल गोल घड्याळं. आणि तो वास! कातड्याचा, तेलाचा, जुन्या उन्हाचा. कुठेतरी एखादं शिलाई मशीन खडखडायला लागेल, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी चेहऱ्यावर कंटाळा आणायचा प्रयत्न केला. तो पोट बिघडल्यासारखा दिसला.

"इतकी कमी कशी चालली?" बायकोने विचारलं. हा प्रश्न ठरलेल्यात नव्हता.

"मी वर्षातले दहा महिने समुद्रावर," कप्तान म्हणाले. "घरी आलो की मी आणि आमच्या सौभाग्यवती, फिरायला. बाकी वर्षभर ही इथे. तिला चालवता यायची नाही. पण मी शिकवून गेलो होतो, दर रविवारी इंजिन सुरू करायचं. गरम होऊ द्यायचं. मग बंद. ती ते न चुकता करायची. छान साडी नेसून यायची, इंजिन सुरू करायची, आणि मग पलीकडच्या सीटवर जाऊन बसायची."

"पलीकडच्या का?"

"ती तिची सीट होती. चालवायची माझी." कप्तानांनी चादरीची घडी घातली. "शेजारचे हसायचे. गाडी हलत नाही, आणि बाई फिरायला निघालीय. ती म्हणायची, मी जाऊन येते तोवर तुम्ही हसून घ्या."

बायको ठरल्याप्रमाणे नाक मुरडायचं विसरली. उलट ते तिने हळूच रुमालाने पुसलं.

मेहुण्याने हे पाहिलं, आणि बाजार हातचा जातोय हे ओळखलं. त्याने बॉनेट उघडायला लावलं, आत डोकं घातलं, आणि तीन वेळा मोठ्याने हुंगलं.

"छे छे छे! पेट्रोलचा वास. गळती आहे साहेब!"

आता कप्तानांचा एक स्वभाव सांगायला हवा. जहाजावर कुणी म्हणालं की पाणी शिरतंय, तर आधी पंप सुरू करायचे आणि खरं-खोटं नंतर बघायचं. ज्यांनी आधी खरं-खोटं बघितलं, ते सगळे, कप्तानांच्या म्हणण्याप्रमाणे, अजून खालीच आहेत. 'गळती' हा शब्द कानावर पडताच त्यांनी घंटेचा दोर धरला.

टण् टण् टण् टण्!

"सगळे बाहेर! वरच्या बाई, गॅस बंद करा! जिन्यात कुणी थांबू नका!"

"अहो, तसं नाही," मेहुणा म्हणाला. "थोडीशीच..."

"गळती थोडी नसते!"

वरच्या मजल्यावरच्या बाई हातात झारा घेऊन धावत खाली आल्या. त्यांच्यामागून त्यांचे यजमान अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत आले. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून आला, आणि तिच्यात निखारे आहेत म्हणून त्याला कप्तानांनी ओरडून परत पाठवलं. बघता बघता अंगणात अशी गर्दी झाली, की गाडी बघायला आलेले तिघे कुठले आणि वाचवलेले कुठले, हे ओळखू येईना. कप्तानांनी बॅटरीची वायर काढली, गाडीखाली वाळू पसरली आणि धापा टाकत विचारलं,

"आणखी काही दोष? सगळं सांगा. काही लपवू नका."

मेहुण्याने डॉक्टरांकडे पाहिलं. एवढी गर्दी जमल्यावर 'मी उगाच म्हणालो' असं म्हणायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्याने डोळ्यांनी खूण केली. बॉडी तुमची, दाजी!

डॉक्टर वाकले. गुडघे वाजले. "आई गं," ते सवयीने म्हणाले. त्यांनी चष्मा सारखा केला, खिशातला छोटा टॉर्च काढला, आणि मडगार्डच्या आत डोकावले. आत सगळं लख्ख होतं. पण टॉर्च हातात आणि समोर अंधारी पोकळी, म्हटल्यावर डॉक्टरांच्या जिभेने नेहमीचा रस्ता धरला.

"हं. कीड आहे."

"कीड?" कप्तान म्हणाले.

"म्हणजे गंज. वरून कळत नाही. आतून पोखरलंय." डॉक्टरांचा आवाज आता दवाखान्यातल्यासारखा खोल आणि सहानुभूतीचा झाला होता. "फार उशीर केलात हो. आधी दाखवायला हवं होतं. मुळापर्यंत गेलेली आहे."

"मुळापर्यंत?" वरच्या बाईंनी झारा छातीशी धरला.

"मग?" कप्तानांनी विचारलं.

"मग काय," डॉक्टर टॉर्च बंद करत म्हणाले, "काढावीच लागेल."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलं. पण तोपर्यंत ते कप्तानांच्याही कानांपर्यंत पोचलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा त्या पांढऱ्या चादरीसारखा झाला. त्यांनी एक हात बॉनेटवर ठेवला.

"आभारी आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "तुम्ही देवासारखे आलात. मी ही कुणा तरुण पोराला विकली असती. बायकोला घेऊन निघाला असता. आणि वाटेत..." त्यांनी मान हलवली. "नाही. आता ही कुणालाच विकता येणार नाही."

मेहुण्याचा जबडा खाली आला. त्याच्या आयुष्यात भाव इतका खाली पहिल्यांदाच आला होता, पण वस्तूच उरली नव्हती!

कप्तानांनी खिशातून फोन काढून डोळ्यांशी धरला. "कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला बोलावतो. तोडून टाकू दे. जहाजंसुद्धा शेवटी तोडतातच."

"अहो नको!" डॉक्टर किंचाळले. "म्हणजे, इतकी काही वाईट नाहीये ती!"

"गाडी तशी चांगलीच आहे," मेहुणा घाईघाईने म्हणाला. आयुष्यात हे वाक्य न वापरल्यामुळे ते त्याच्या तोंडून कुठल्यातरी परक्या भाषेसारखं आलं.

"गळती?"

"थेंबभर नाही! ते मी, आपलं, सर्दी झालीय मला!"

"आणि कीड?" कप्तान डॉक्टरांकडे वळले.

"वरवरची! नुसता डाग! घासला की जाईल. मी परत बघतो हवं तर. दुसरं मत घेऊ आपण!"

कप्तान त्यांच्या जवळ आले. मग त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चांगले आहात तुम्ही," ते म्हणाले. "पण मला हे माहीत आहे. ती आजारी होती तेव्हाही असंच झालं. डॉक्टर आत वाकून बघतात, आणि पहिल्यांदा जे बोलतात, ते खरं असतं. मग त्यांना आमचे चेहरे दिसतात. त्यानंतर ते जे बोलतात, ते आमच्यासाठी असतं."

डॉक्टरांना वाटलं, आपल्याला वाळूच्या बादलीत डोकं घालता आलं तर बरं. ज्या माणसाने रोज उठून लोकांना खोटा दिलासा दिला होता, त्याच्या खऱ्या दिलाशावर आज कुणी विश्वास ठेवत नव्हतं. ते गाडीभोवती फिरत एकेका भागाची स्तुती करू लागले. दिव्यांची केली, दारांची केली, काच पुसायच्या काड्यांचीसुद्धा केली. ते जितकं गोड बोलत, तितके कप्तान अधिक गंभीर होत. वरच्या बाई तर डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "किती समजावतायत बिचारे."

एवढ्यात भंगारवाला ट्रक घेऊन आला.

गाडी दिसताच तो ट्रकवरून उतरता उतरता थबकला. त्याचे डोळे असे लकाकले, की मेहुण्याच्या अनुभवी नजरेला ते लगेच कळलं. मग भंगारवाल्याने चेहरा पाडला, टायरला लाथ मारली आणि म्हणाला,

"यात काही राम नाही, कप्तानसाहेब."

"नाही ना?" कप्तान म्हणाले.

"पत्रा म्हणजे पापड झालाय. इंजिन बसलंय. उचलून न्यायचा त्रास माझा, जागा अडेल ती माझी. तुमच्याकडे बघून नेतो. दुसऱ्या कुणी हात लावला नसता!"

मेहुणा थिजून उभा होता. आपण स्वतः रचलेली, पाठ केलेली, वर्षानुवर्षं गाजवलेली कविता दुसराच कुणी आपल्यासमोर म्हणून दाखवतोय, आणि चाल जास्त चांगली लावलीय, अशी त्याची गत झाली.

"ऐकलंत?" कप्तान डॉक्टरांना म्हणाले. "तुम्ही दोघं, आणि हा तिसरा. तिघांनी वेगवेगळं बघून तेच सांगितलं. आता शंका नको." त्यांनी किल्ली भंगारवाल्यापुढे धरली.

"थांबा!" बायको म्हणाली.

वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज. इस्त्रीवाल्याने रस्त्यापलीकडे इस्त्री खाली ठेवली.

"कप्तान, या तिघांपैकी एकालाही गाडी खराब वाटत नाही. तिघांनाही ती हवी आहे."

"हवी आहे?" कप्तान गोंधळले. "मग नावं का ठेवतायत?"

"हवी आहे म्हणूनच."

"मला कळलं नाही."

"आमच्या घरात हीच रीत आहे. मी यांच्या आईला पसंत पडले, हे मला कसं कळलं सांगू? त्यांनी माझ्या नाकापासून सुरुवात केली. मग उंचीवर आल्या. रंगावर आल्या तेव्हा मी ओळखलं, आता तारीख ठरणार!"

"ताई, घरातलं कशाला बाहेर..." मेहुणा पुटपुटला.

"तू गप्प! तुझ्या नाकाला काय झालंय ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचा सिलिंडर दिवसभर गळत होता, तेव्हा तुला वास आला नाही." ती नवऱ्याकडे वळली. "आणि हे! हे कॉलेजात असल्यापासून या गाडीसाठी झुरतायत. अजूनही झोपेत गिअर बदलतात. माझा हात धरून."

वरच्या यजमानांच्या गालावरचा साबण वाळला होता.

कप्तान सावकाश डॉक्टरांपुढे येऊन उभे राहिले. बाटलीच्या बुडातून दोन मोठे डोळे रोखले गेले.

"डॉक्टर. आत काय दिसलं?"

डॉक्टरांनी टॉर्च खिशात ठेवला. किती वर्षांनी कुणी त्यांना खरं बोलायला लावत होतं! "काही नाही," ते म्हणाले. "आत स्वच्छ आहे. इतकी सुंदर गाडी मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघतोय. पहिल्यांदा बघितली तेव्हा खिशात काही नव्हतं, म्हणून बोललो नाही. आज बोलायला आलो, तर हे बोललो."

"आणि गळती?"

मेहुण्याने नकारार्थी मान हलवली. भंगारवाला कुणी न विचारताच म्हणाला, "पत्रा लोखंडासारखा आहे साहेब. चुकून बोललो. मी निघतो." आणि तो निघालाही. जाताना मात्र त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

कप्तान गाडीकडे वळले. त्यांनी बॅटरीची वायर जोडली, टायरापुढची वाळू पायाने बाजूला केली, आणि किल्ली फिरवली. इंजिन जरा खोकलं, कुरकुरलं आणि मग एकदम त्याला गळा सापडला. तो आवाज डॉक्टरांच्या छातीत कुठेतरी खोल, एका अरुंद गल्लीत घुमला. बायको त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. समोर काच होती, पण तिने केसांना हात लावला नाही.

"असाच आवाज होता का हो त्या गाडीचा?" तिने हळूच विचारलं.

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "ती कधी सुरू झालेली आपण पाहिलीच नाही."

कप्तानांनी इंजिन बंद केलं.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले. "विकायची आहे. पण खोटी घंटा वाजवायला लावणाऱ्याला मी जहाजावर सुकाणूला हात लावू देत नव्हतो. इथेही देणार नाही." ते बायकोकडे वळले. "बाई, तुम्ही एकदाही खोटं बोलला नाहीत. चालवता येते?"

"हिला नुसती येत नाही, उत्तम येते!" डॉक्टर आशेने म्हणाले.

"मग गाडी बाईंना. त्यांच्या नावावर. त्यांनी चालवायची."

"आणि मी?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचं मी बघेन. वागणूक सुधारली तर."

भाव करायचं काम नंतर बायकोनेच केलं. कप्तानांनी आकडा सांगितला, ती "बरं" म्हणाली आणि व्यवहार संपला. मेहुण्याला हे पाहवेना. तो अंगणात जाऊन उभा राहिला. वरच्या बाईंनी त्याला, गॅस पुन्हा लावायचा की नाही, असं विचारलं, तर तो म्हणाला, "मला काही विचारू नका."

बायकोने व्यवहारात एकच अट घातली. दर रविवारी गाडीचं इंजिन गरम करायला कप्तानांनी स्वतः यायचं. म्हाताऱ्याने यावर खूप वेळ चष्मा पुसला.

त्यामुळे आता दर रविवारी सकाळी ती पिवळी गाडी टप उघडून निघते. चालवायला बायको, डोक्याला रुमाल बांधून, कॉलेजात दिसायची त्याहून जरा जास्तच ऐटीत. पलीकडच्या सीटवर कप्तान बसतात. आपण या सीटवर पहिल्यांदाच बसतोय, असं ते मागे एकदा म्हणाले. इथून सगळं निराळंच दिसतं, आणि आपल्या माणसाला इतकी वर्षं काय दिसत होतं ते आता कळलं, असंही म्हणाले. डोळ्यांनी फारसं दिसत नसलं, तरी ते हात उंचावून "सावकाश, डावीकडे!" असं सांगत असतात, आणि बाई शाळेत कुणाचं ऐकत नाहीत, पण त्यांचं ऐकतात.

सीटा दोनच. म्हणून मागून घरच्या छोट्या गाडीत डॉक्टर येतात. शेजारी मेहुणा असतो आणि त्याला हे सगळं कसं टाळता आलं असतं, ते समजावून सांगत असतो. डॉक्टर ऐकत नाहीत. ते पुढे बघत असतात. ऊन चढतं तसा तो पिवळा रंग उजळत जातो, बायकोच्या रुमालाचं टोक उडत असतं, आणि गाडी कॉलेजात होती तेवढ्याच अंतरावर, हात लांबवला तर लागेल न लागेल अशी, पुढे पुढे जात राहते. डॉक्टर अशा वेळी हरवतात. गेल्या रविवारी असेच हरवले, आणि सिग्नलला थांबलेल्या एका हातगाडीवर आदळता आदळता थोडक्यात वाचले. बायकोने ते आरशात बघून कप्तानांना सांगितलं असावं, कारण सुधारणेची मुदत वाढली आहे.

परवा खुर्चीत बसलेल्या एका पेशंटने तोंडात कापूस असतानाच उत्साहाने विचारलं, "डॉक्टर, स्पोर्ट्स कार घेतलीत म्हणे! कशी आहे हो?"

डॉक्टरांचा हात क्षणभर थांबला. डोळ्यांत एक पिवळी चमक येऊन गेली.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "मागून तर विचारूच नका!"